धान म्हणजे हो

वरठीच्या स्टेशनावर पाऊस पत्र्याच्या कडेवरून दोऱ्या सोडल्यासारखा खाली उतरत होता, आणि त्या पत्र्याखालच्या बाकावर एक तरुण स्वतःशीच बोलत बसला होता.

भावनाने आधी लक्ष दिलं नाही. नागपूरला नोकरीची मुलाखत देऊन ती परत आली होती. मुलाखत बरी झाली नव्हती, ओढणी खांद्यापर्यंत भिजली होती, आणि इथून भंडारा, भंडाऱ्याहून साकोली, साकोलीहून एकोडी असा लांबचा पल्ला अजून बाकी होता. पण त्या तरुणाचा आवाज स्पष्ट होता, बातम्या वाचणाऱ्यासारखा. न ऐकून चालणारच नव्हतं.

“गर्भाशय स्वस्थानावरून सरकल्याची लक्षणे आपणांस गेल्या सहा महिन्यांत जाणवली आहेत का?”

एवढं म्हणून त्याने मोबाइलवरच्या घड्याळात पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला भाजीची गाठोडी घेऊन बसलेल्या दोन बायका आधीच टोकाला होत्या, त्या उठून उभ्याच राहिल्या. चणेवाला पुडी बांधता बांधता थांबला.

भावनाला हसू आलं. तिने ते ओढणीत दाबलं, पण उशीर झाला होता.

“तुम्ही हसलात,” तो म्हणाला.

“नाई.”

“हसलात. मी एक प्रश्न वाचायला किती सेकंद लागतात ते मोजतोय. तुमच्या हसण्याने चार सेकंद वाढले.”

“वाढू द्या न. तसंही त्याचं उत्तर येनारच नाई.”

“का?”

“आमच्या गावात तुम्ही स्वस्थान म्हनाल, बायका देवस्थान समजतीन. सांगतीन, हो, एक मारुतीचं आहे, एक शंकराचं आहे, दोन्ही जागच्या जागी आहेत.”

तो हसला. हसताना त्याचा चेहरा एकदम शाळकरी झाला—पुढचा एक दात किंचित वाकडा, आणि डोळे जवळजवळ मिटलेले. भावनाने नजर पावसाकडे वळवली… पण फार वेळ नाही.

त्याचं नाव प्रितम बुराडे. नागपूरच्या एका संस्थेत तो संख्याशास्त्रज्ञ होता. बायकांच्या आरोग्याची पाहणी भंडारा जिल्ह्यात सुरू व्हायची होती, आणि प्रश्नावली तपासायचं काम त्याच्याकडे होतं.

“मग कसं विचारायचं, तुम्हीच सांगा,” तो म्हणाला.

“विचारूच नका.” भावनाने ओढणी पिळली. “म्हनजे… असं तोंडावर विचारू नका. परक्या मानसासमोर बाई हो म्हनतच नाई. तुम्ही पुन्याचे का?”

“मोहाडीचा.”

“मोहाडीचे? आन् असे बोलून राहिले?”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “पुण्यात शिकायला गेलो होतो. पहिल्या दिवशी वर्गात ‘मले समजलं नाही’ म्हणालो आणि साठ जण हसले. त्यानंतर…” त्याने वाक्य सोडून दिलं.

“त्यानंतर आता मोहाडी हसत असन.”

“हसते,” त्याने कबूल केलं. “माझी आई म्हणते, घरात तहसीलदार आल्यासारखं वाटते.”

नागपूरहून त्याच्या सहकाऱ्यांची गाडी आली तेव्हा पाऊस थांबलेला होता, आणि तो थांबल्याचं दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. निघताना त्याने तिला एक कागद दिला. पाहणीसाठी दहा स्थानिक मुली हव्या होत्या. समाजकार्याची पदवी असली तर उत्तम. भावनाकडे ती होती.

“या मुलाखतीला,” तो म्हणाला. “तिथे असंच बोला. जसं आत्ता बोललात.”

भावना गेली, तशीच बोलली, आणि निवडली गेली.

ऑगस्टचा महिना पायी फिरण्यात गेला. रोवणे म्हणजे धानाची लावणी संपत आली होती. पाण्याने भरलेल्या बांध्यांमधून हिरवी रोपं डोलत होती आणि बायका दुपारनंतर घरी सापडत होत्या. हातातल्या टॅबलेटवर प्रश्न वाचायचा, उत्तराच्या चौकोनावर बोट ठेवायचं. प्रितम गावोगाव मोटारसायकलने फिरून काम पाहायचा. एकोडीला त्याच्या जरा जास्त फेऱ्या व्हायच्या. का, ते त्याच्या वहीत कुठेही नोंदलेलं नव्हतं. साकोलीच्या बसस्टँडवर तर्री-पोहे खाताना तो तिच्या ताटलीतली मिरची न विचारता उचलायचा, आणि ती त्याच्या चहातला अर्धा कप न विचारता ओतून घ्यायची.

“तुमच्या उत्तरांत एक गंमत आहे,” तो एकदा म्हणाला. “बायका तुमच्याशी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बोलतात. पण उत्तर तेच देतात. नाही, नाही, नाही.”

“मी सांगितलं होतं.”

“स्टेशनावर. आठवतं मला.” मग चहाकडे पाहत, “त्या दिवशीचं सगळंच आठवतं.”

भावनाने मिरची नसलेल्या पोह्यांत उगाच मिरची शोधली.

एकोडीतल्या स्वतःच्या गल्लीचं काम तिने मुद्दाम दुसऱ्या मुलीला दिलं होतं. ती मुलगी घरी आली तेव्हा भावना स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. ओसरीवर आई होती, गिरजाबाई. प्रश्न एकामागून एक येत होते. स्टेशनावरचा गर्भाशयाचा प्रश्न आता साध्या बोलीत होता.

“काकू, अंग बाहेर येते का कधी? बसताना, वजन उचलताना?”

“नाई व,” आईचा आवाज आला, अगदी सहज. “मले कायचा त्रास? काहीच नाई.”

तांदळावर फिरणारा भावनाचा हात थांबला.

तिला माहीत होतं. शाळेत असल्यापासून माहीत होतं. रोवण्याला वाकलेली आई मध्येच ओटीपोट धरून बांधाच्या धुऱ्याआड का जाते, डोक्यावर भारा घेताना ओठ का आवळते, एक जुनं फडकं दुसऱ्या लुगड्याच्या आत लपवून का वाळत घालते—हे सगळं तिने पाहिलेलं होतं. पण पाहिलं होतं एवढंच. विचारलं कधीच नव्हतं. आईने सांगितलं नव्हतं, मुलीने विचारलं नव्हतं, आणि त्या न बोललेल्या गोष्टीच्या दोन्ही बाजूंना मायलेकी रोज जेवत होत्या.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात प्रितम आकडे घेऊन आला. ग्रामपंचायतीच्या पडवीत बसून त्याने ते वाचून दाखवले. एकोडीतल्या बासष्ट बायकांपैकी अंग बाहेर येण्याचा त्रास दोघींना. आजूबाजूच्या गावांत जवळपास कोणालाच नाही.

“संस्था बाईडॉक्टरांचं शिबिर घेणार होती साकोलीत,” तो म्हणाला. “ऑपरेशनचा खर्चही संस्थाच करणार होती. आता आमच्या मोठ्या मॅडम म्हणतात, इथे गरज दिसत नाही. शिबिर दुसऱ्या जिल्ह्यात हलवायचं.”

“तुमचा आकडा खोटा आहे.”

“भावना, आकडा मी बनवला नाही. बायकांनी जे सांगितलं…”

“बायकांनी खोटं सांगितलं.”

“पुरावा आहे?”

तिने मान वर केली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने आवरलं नाही. “पुरावा आहे. पन तो माहा नाई. मी नाई सांगू शकत.”

प्रितम तिच्याकडे पाहत राहिला. पडवीच्या कौलांवरून थेंब गळत होते. त्याने पेन बंद केलं, कागद मिटले, आणि कोणाचा पुरावा, कसला पुरावा, हे एका शब्दानेही विचारलं नाही—तेव्हा नाही, आणि नंतरही कधी नाही.

“मॅडमकडून पंधरा दिवस मागतो,” तो एवढंच म्हणाला. “पंधरा दिवसांत दुसरी रीत शोधू. तुमच्या डोक्यात काहीतरी आहे. मला दिसतंय.”

घरी जाताना भावनाला कळलं की हा माणूस आपल्याला आवडतो. मिरची उचलतो म्हणून नाही, हसताना डोळे मिटतो म्हणूनही नाही. त्याला गप्प बसता येतं म्हणून.

तिच्या डोक्यात खरंच काहीतरी होतं. मतदान करताना बाई नवऱ्याचं ऐकून घेते, मान हलवते, आणि पडद्याआड गेल्यावर हवं तेच बटण दाबते—हे तिने गावच्या बायकांकडूनच ऐकलं होतं. म्हणजे पडदा हवा. वाचता न येणारीला कळायला आवाज हवा, तोही आपल्या बोलीतला. आणि उत्तर तोंडाने नको, हाताने हवं.

म्हणून तिने आठ गाडगी आणली. प्रत्येकावर चुन्याने एकेक चित्र काढलं—चिमणी, नांगर, बैल, मासोळी, असं. प्रत्येक गाडगं एका प्रश्नाचं. एका कोपऱ्यात लुगड्याचा पडदा. पडद्याआड बाई एकटी, कानात हेडफोन. प्रश्न ऐकायचा, उत्तर हो असेल तर चित्राच्या गाडग्यात धानाचा दाणा टाकायचा. सगळ्या बायकांचे दाणे त्याच गाडग्यांत. कोणता दाणा कोणाचा, हे टाकणारीशिवाय कोणालाच कळणार नाही.

प्रश्न भावनाच्या आवाजात रेकॉर्ड करायचे ठरले. शाळेच्या रिकाम्या वर्गात दोघं बसले. ती बोलायला लागली की पत्र्यावर पाऊस वाजायचा. थांबली की थांबायचा.

“याले तुमच्याशी काही दुश्मनी आहे का?” भावनाने विचारलं.

“पावसाशी माझं काही वाकडं नाही,” प्रितम म्हणाला. “उलट… बरंच आहे. काम लांबतंय.”

तिने हातातला कागद उलटा धरला आहे, हे त्याने सांगितलं नाही. तिला ते कळलं तेव्हा दोघंही वेगवेगळ्या खिडक्यांकडे पाहत होते.

शेवटी ऊन पडलं आणि तिने बोलायला सुरुवात केली. “बाई, हे फक्त तुले ऐकू येऊन राहिलं. बाहेर कोनालेच नाई. आता मासोळीचं गाडगं पाह्य. कोनाकोनाचं वजन उचलताना, खोकलताना, खालून अंग बाहेर येते. तुले असं होते का? होत असन त धानाचा एक दाना मासोळीच्या गाडग्यात टाक. लाजू नको. कोनी पाह्यत नाई.”

ती थांबली. प्रितमने रेकॉर्डिंग बंद करायला हवं होतं, पण तो नुसताच बसून राहिला होता.

“काय झालं? चुकलं का काही?”

“काईच नाई चुकलं,” तो म्हणाला. “माह्या आईशी कोनी असं बोललं असतं न…” मग स्वतःची बोली स्वतःच ऐकून तो गडबडला.

“बोला न तसंच,” भावना हळूच म्हणाली. “बरं वाटते ऐकायले.”

पहिला प्रयोग फसला. बारा बायका आल्या, पडद्याआड जाऊन आल्या, आणि गाडग्यांत मिळून तीनच दाणे निघाले. भावना रडकुंडीला आली. तेव्हा गावच्या आशा कार्यकर्त्या कुंताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बोलायला त्या कोणाला भीत नसत.

“पोरी, पडदा त लावला तुनं. पन टिक आवाज येते न. आतून टिक वाजलं का बाहेर बसलेल्या साऱ्याजनी एकमेकीकडं पाह्यतेत. मंग कोन टाकन दाना?”

भावना आणि प्रितमने एकमेकांकडे पाहिलं. इतकी साधी गोष्ट. हो असेल तर आवाज, नाही असेल तर शांतता. पडदा डोळ्यांना होता, कानांना नव्हता.

त्या संध्याकाळी दोघांनी पुन्हा मांडणी केली. आता प्रत्येक प्रश्नाला प्रत्येकीने एक दाणा टाकायचाच. हो असेल तर धान, नाही असेल तर लाखोरी, म्हणजे लाख डाळीचा दाणा. शिवाय गाडग्याच्या तळाशी फडकं, म्हणजे कोणता दाणा पडला ते कानाला कळू नये. धान आणि लाखोरी तर गावातल्या आंधळ्या म्हातारीलाही बोटांनी ओळखता येतात.

“एक शंका आहे,” प्रितम म्हणाला. “बायकांना नीट समजलं की नाही, हे आपल्याला कसं कळणार? उगाच कोणताही दाणा टाकला तर?”

“तुमाले माह्यावर विश्वास नाई?”

“तुमच्यावर आहे. पण मोठ्या मॅडमना तुम्ही माहीत नाही, आकडे माहीत आहेत.” तो जरा विचार करत बसला. “एक प्रश्न असा घालू, ज्याचं उत्तर सगळ्यांना एकच माहीत आहे. एकोडीला तलाव आहे का? त्या गाडग्यात सगळंच धान निघालं, तर बाकीच्या गाडग्यांवरही विश्वास ठेवता येईल.”

भावनाने त्याच्याकडे बघितलं. तिच्या डोक्यात हे आलं नसतं. त्याच्या डोक्यात पडदा आला नसता. ही जोडी बरी जमली, असं तिला वाटलं, आणि तिने फक्त गाडग्यांबद्दल विचार केला, असं स्वतःला बजावलं.

दोन दिवसांत बासष्ट बायका पडद्याआड जाऊन आल्या. गिरजाबाईही गेल्या. त्या आत होत्या तेव्हा भावना बाहेर, पडद्याकडे पाठ करून बसली होती. आपलाच आवाज आत आईच्या कानात बोलतो आहे, हे तिला माहीत होतं. मासोळीचं गाडगं कधी आलं असेल, हेही मनातल्या मनात मोजता आलं असतं. तिने मोजलं नाही.

गाडगी मोजली ती शाळेच्या वर्गात, सुपात ओतून. आधी तलावाचं. एकसष्ट धान, एक लाखोरी.

“एकीला नाही समजलं,” प्रितम म्हणाला.

दारात उभ्या असलेल्या कुंताबाई म्हणाल्या, “समजलं नाई कसं? ते लाखोरी माही होय. तलाव म्हनून राहिले तुम्ही, आमच्या एवढ्याशा पान्याले बोडी म्हनतेत. तलाव पाह्यचा असन त शिवनीचा पाह्य.”

प्रितम इतका हसला की सूप बाजूला सरकवावं लागलं. मग मासोळीचं गाडगं ओतलं आणि हसणं थांबलं. दोघांनी वेगवेगळं मोजलं. दोघांचंही सारखंच आलं.

सतरा.

ज्या गावात दोन होत्या, तिथे सतरा. पांढरं जाण्याच्या गाडग्यात एकोणतीस. घरातल्या मारहाणीच्या गाडग्यात अकरा. प्रितमने आकडे वहीत उतरवले आणि वही भावनाकडे सरकवली.

“वर तुमचं नाव घाला,” तो म्हणाला. “ही रीत तुमची आहे.”

त्या रात्री जेवणं झाल्यावर गिरजाबाई भांडी घासता घासता थांबल्या.

“सतरा निघाले म्हने. कुंता सांगत होती.”

“हो.”

“सतरा बायका…” आईने तवा पालथा घातला. “मले वाटे, गावात मी एकटीच आहो.”

भावना आईजवळ येऊन बसली.

“तू झाली, आन् पंधरा दिवसानं मी रोवन्याले गेली. त्या साली बाया मिळत नव्हत्या. तवापासून आहे हे. तुह्या बापाले नाई सांगितलं, तुह्या आजीले नाई सांगितलं. आज कोनी पाह्यत नाई म्हनून दाना टाकला. पन टाकल्यावर वाटलं—हातानं सांगता येते, त तोंडानं काहून नाई?”

भावनाने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

“रडू नको,” आई म्हणाली. “मी नाई रडून राहिली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरजाबाईंनी नवऱ्याला सांगितलं. तेजराम अंगणात बैलांना वैरण टाकत होते. ऐकून ते पेंढीवरच बसले.

“पंचवीस वर्सं,” ते म्हणाले. “मले कधी बोलली नाईस.”

“तुम्ही कधी इचारलं नाई.”

तेजरामांनी मान खाली घातली. मग उठून बैलांच्या पुढ्यातली वैरण उगाच नीट केली आणि म्हणाले, “शिबिर झालं त जाऊ. नाई झालं तरी जाऊ.”

ऑक्टोबरमध्ये नागपूरला संस्थेच्या सभागृहात बैठक होती. सरकारी अधिकारी, डॉक्टर, मोठ्या मॅडम, साठ-सत्तर माणसं. बोलणार प्रितम होता. भावना शेवटच्या ओळीत, मांडीवर मासोळीचं गाडगं घेऊन बसली होती.

प्रितमने दोन मिनिटं आकडे दाखवले आणि थांबला. “ही पद्धत माझी नाही. जिची आहे ती इथे बसली आहे. एकोडीच्या भावना कापगते. त्यांनीच सांगावं.”

तिला हे माहीत नव्हतं. ती पुढे गेली तेव्हा पायांखालची फरशी फार गुळगुळीत वाटत होती. तिने सुरुवात पुस्तकी भाषेत केली, दोन वाक्यांत अडखळली, आणि प्रितमकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान अगदी थोडी हलवली.

“मी माह्याच भाषेत सांगते,” भावना म्हणाली. “प्रश्नही त्याच भाषेतले होते.”

मग तिने सगळं सांगितलं. पडदा, धान, लाखोरी, टिक वाजणारा दाणा. एका वयस्कर अधिकाऱ्यांनी विचारलं, अशिक्षित बायकांना हे समजलं कशावरून? तिने तलाव आणि बोडीची गोष्ट सांगितली. सभागृह हसलं, आणि मोठ्या मॅडम हसता हसता लिहून घेऊ लागल्या.

“बाया अडानी नाईत, साहेब,” ती शेवटी म्हणाली. “त्याइले वाचता येत नाई, एवढंच. आपल्याले विचारता येत नव्हतं.”

मागून कोणीतरी प्रितमला विचारलं, तुम्हाला काय वाटतं, हे दुसऱ्या जिल्ह्यांत चालेल?

“मले वाटते, चालन,” प्रितम म्हणाला. भर सभागृहात, माइकवर. कोणीही हसलं नाही. भावनाची मान मात्र नकळत ताठ झाली, जणू शब्द तिचेच होते.

शिबिर साकोलीतच झालं. सहा दिवसांत एकेचाळीस बायका आल्या, काही नवऱ्यांना घेऊन, काही एकमेकींना घेऊन. गिरजाबाईंचं ऑपरेशन नोव्हेंबरात भंडाऱ्याला झालं. प्रितम रोज संध्याकाळी दवाखान्यात यायचा, तेजरामांसोबत बाहेरच्या बाकावर बसायचा, आणि दोघं धानाच्या भावापासून बिबट्यापर्यंत सगळ्यावर बोलायचे. भावना डबा घेऊन आली की तो उठून उभा राहायचा, आणि तेजराम वर झाडाकडे बघू लागायचे.

डिसेंबरात मळणीचे चुरणे आटोपले होते, अंगणात धानाची रास होती. गिरजाबाई बाजेवर उन्हात बसल्या होत्या. तीन महिने वजन उचलायचं नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्यांना बसून बसून कंटाळा आला होता. प्रितमची मोटारसायकल दारात थांबली. हातात पाकीट होतं.

संस्थेने भावनाला प्रशिक्षक म्हणून नेमलं होतं. दोन वर्षं, गडचिरोली जिल्हा. तिथल्या मुलींना तिथल्याच बोलीत ही रीत शिकवायची. भावनाने पत्र दोनदा वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. गिरजाबाईंनी कुंपणापलीकडच्या शेजारणीला ओरडून सांगितलं, “पोरगी मास्तरीन झाली व माही. मास्तरीनींची मास्तरीन.”

प्रितम दाराशी उभा होता. हसत होता, पण डोळे मिटत नव्हते.

“एवढी मोठी खबर आनली, आन् तोंड असं काहून?” भावनाने जवळ येऊन विचारलं.

“खुश आहे. फार. नागपुरात सगळ्यांना सांगत सुटलोय… फक्त, नागपूर ते गडचिरोली एकशे सत्तर किलोमीटर आहे.”

“मोजून आले?”

“मोजनं माहं कामच आहे.”

“मंग?”

“मंग…” त्याने मोटारसायकलची चावी या हातातून त्या हातात घेतली. “काही नाही. रस्ता चांगला आहे, असं ऐकलंय.”

धानाच्या राशीवर दोन चिमण्या उतरल्या, उडाल्या, पुन्हा उतरल्या. दोघंही त्यांच्याकडे असं पाहत होते, जणू त्या चिमण्यांचाच काही निर्णय व्हायचा होता.

“प्रितम बाबू,” बाजेवरून आवाज आला.

दोघं दचकले. गिरजाबाई पदर सावरून सरळ बसल्या होत्या. कोणा परक्या पुरुषाला त्यांनी असं नाव घेऊन कधी हाक मारली असेल, भावनाला आठवेना.

“जी, काकू.”

“माह्या पोरीवर जीव आहे का तुहा?”

“आई…” भावना कुजबुजली.

“तू थांब. मी त्याले इचारून राहिली.” गिरजाबाईंचा आवाज शांत होता, अंगणभर ऐकू जाईल एवढा मोठा. “आहे त आहे म्हन, नाई त नाई म्हन. पंचवीस वर्सं मी गप राहून पाह्यलं, बाबू. त्याच्यात काईच भेटत नाई.”

प्रितमने चावी खिशात टाकली. कान लाल झाले होते, पण मान वर होती.

“आहे, काकू,” तो म्हणाला. “स्टेशनावर भेटली त्या दिवसापासून आहे.”

गिरजाबाईंनी मान डोलावली आणि मुलीकडे वळल्या. “आन् तुहा?”

भावनाने आईकडे पाहिलं—उन्हात बसलेल्या, ताठ पाठीच्या, उत्तराची वाट पाहणाऱ्या आपल्या आईकडे—आणि तिला तिचा इतका अभिमान वाटला की लाजायचं राहूनच गेलं.

“माहाही आहे,” ती मोठ्याने म्हणाली. “पन दोन वर्सं मी गडचिरोलीले जानार. आधी ते.”

“जा न,” प्रितम म्हणाला. “मी दर रविवारी येईन.”

“एकशे सत्तर किलोमीटर?”

“येऊन-जाऊन तीनशे चाळीस,” तो म्हणाला, आणि आता त्याचे डोळे अगदी मिटले.

तेजराम गोठ्यातून बाहेर आले, तिघांकडे पाहिलं, काही न विचारता ओसरीवर आणखी एक पाट मांडला, आणि प्रितमला म्हणाले, “हात धुऊन घे. जेवून जाजो.”